जि. ठाणे ते जि. पालघर : एका वेबसाइटची पाच बिऱ्हाडं

गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिवारी दुपारी जेवून जरा आडवा होतोय, तोच बाबा म्हणाले, "दिवसभर लोकांच्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं करतोस, आणि आपली साइट?"

आता याला उत्तर काय देणार! दीड वर्षाहून जास्त काळ आमची वेबसाइट नाहीये. आमची म्हणजे बाबांच्या कंपनीची. कंपनी म्हटलं की उगाच मोठं वाटतं. तारापूर एमआयडीसीत एक गाळा, आठ माणसं आणि काम गॅस्केटचं. ज्यांना गॅस्केट माहीत नाही त्यांनी कुकरची रिंग डोळ्यासमोर आणावी. दोन पाइप जिथे जोडतात तिथे मधे बसते ती चकती. कुकरची रिंग गेली तर वरण उतू जातं. केमिकल प्लांटमधली गेली तर काय होतं, ते बोईसरच्या माणसाला सांगायला नको.

म्हटलं, करून टाकू. एक वीकेंड पुरे. प्रत्यक्षात चार वीकेंड गेले आणि मी "कुठली सीएमएस घ्यायची" याच प्रश्नावर अडकलेलो. वर्डप्रेस, ड्रुपल, जुमला, शिवाय भाड्याने मिळणाऱ्या तयार सेवा. सगळ्यांची तुलना करणारे तक्ते वाचून डोकं भणभणलं. प्रत्येक तक्त्यात सगळ्यांसमोर बरोबरच्या खुणा! शेवटी तक्ते बंद केले आणि बाबांच्या कपाटातली एक जाडजूड फाइल काढली. वर पेनाने लिहिलंय "इंटरनेट". आत २००१ पासूनची बिलं, व्हिजिटिंग कार्डं आणि पासवर्ड लिहिलेल्या चिठ्ठ्या. ती वाचता वाचता लक्षात आलं, की आमच्या साइटने चोवीस वर्षांत चार बिऱ्हाडं बदलली, आणि प्रत्येक वेळी जे झालं ते तेव्हा सगळ्या जगातच होत होतं. तर आजचा लेख या बिऱ्हाडांचा.

पहिलं बिऱ्हाड : धर्मशाळा (२००१)

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. गंमत म्हणजे पीएचपी, मायएसक्यूएल आणि अपाचे, ज्यांच्या खांद्यावर पुढे निम्मं वेब उभं राहिलं, ती तिन्ही मंडळी १९९५ मध्येच आकाराला आली. अर्थात तेव्हा बोईसरमध्ये कोणाला याचा पत्ता नव्हता. बाबांकडे तेव्हा जे होतं ते ०२५२५ चा फोन आणि एक फॅक्स.

२००१ मध्ये पालघरच्या एका कम्प्युटर क्लासच्या सरांनी बाबांना साइट करून दिली. जिओसिटीजवर, फुकट. व्हिजिटिंग कार्डावर तो पत्ता छापलाय, एका ओळीत मावत नाही म्हणून दोन ओळींत. जिओसिटीज म्हणजे तेव्हाची धर्मशाळा. १९९४ मध्ये सुरू झाली, १९९९ मध्ये याहूने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. लाखो लोकांची पानं गेली, त्यात आमची तीन.

ती पानं फ्रंटपेजमध्ये केलेली होती. हे सॉफ्टवेअर व्हर्मीअर नावाच्या छोट्या कंपनीचं. १९९६ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच घेतली. फ्रंटपेज वर्डसारखं दिसायचं. लिहा, रंग द्या, सेव्ह करा, झालं पान. पण प्रत्येक पान सुटं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

त्याच काळात पैसेवाल्यांची सोय वेगळी होती. सीनेट या बातम्यांच्या साइटने स्वतःपुरती एक यंत्रणा बनवली होती. ती घेऊन विग्नेट या कंपनीने "स्टोरीसर्व्हर" नावाने विकायला काढली. मोठमोठ्या वृत्तसंस्था आणि कंपन्या ती घ्यायच्या. किंमत अशी, की आमच्या गाळ्यातल्या सगळ्या मशिनी विकल्या असत्या तरी परवडली नसती. पण कल्पना साधी होती. मजकूर वेगळा ठेवायचा, साचा वेगळा. मजकूर डेटाबेसमध्ये, साचा टेम्प्लेटमध्ये. पान मागितलं की दोन्ही एकत्र करून द्यायचं.

आमच्या भागातल्या माणसाला हे पटकन कळेल. चिंचणी-वाणगावकडे घरोघरी दागिन्यांच्या डाय बनवतात. डायमेकर एकदा डाय कोरतो, मग सोनार त्यावर हजार नग ठोकतो. नक्षी बदलायची तर डाय बदलायची, हजार नग हाताने कोरत बसायचं नाही. कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणजे तेच. फ्रंटपेजवाले मात्र हजार नग हाताने कोरत होते.

दुसरं बिऱ्हाड : मालकीचं घर, पण चावी दुसऱ्याकडे (२००६)

२००६ मध्ये बाबांनी मुंबईच्या एका वेबवाल्याकडून "प्रॉपर" साइट करून घेतली. स्वतःचं डॉट कॉम! सुरुवातीला फ्लॅशचं ॲनिमेशन, त्यात फिरणारी गॅस्केट, खाली कोपऱ्यात "स्किप इन्ट्रो". मी नऊ वर्षांचा होतो. शाळेतल्या मित्रांना घरी आणून आणून ते फिरणं दाखवलंय :)

आत अडतीस पानं, सगळी सुटी एचटीएमएल. काहीही बदलायचं तर वेबवाल्याला फोन, मग पानामागे पैसे, मग आठवडाभर वाट. आणि फाइलमधलं बिल आता नीट वाचल्यावर कळलं, की डोमेन बाबांच्या नावावर नव्हतंच. ते वेबवाल्याच्या नावावर होतं. घर बांधलं आम्ही, सातबारा त्याचा.

आता जगात काय चाललं होतं ते बघा. अँटवर्पमध्ये द्रीस बाउतार्ट नावाचा विद्यार्थी होता. होस्टेलमधल्या मित्रांत एक इंटरनेट कनेक्शन वाटून घेतलेलं, म्हणून निरोप ठेवायला त्याने एक छोटी साइट लिहिली. तिला नाव द्यायचं होतं "डॉर्प", डच भाषेत म्हणजे गाव. डोमेन शोधताना टायपिंगमध्ये चूक झाली आणि "ड्रॉप" झालं. त्या थेंबाच्या डच शब्दावरून पुढे नाव आलं ड्रुपल. १५ जानेवारी २००१ ला त्याने तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. म्हणजे क्लासचे सर आमची तीन पानं फ्रंटपेजमध्ये रंगवत होते त्याच वर्षी!

मराठी माणसाने ड्रुपल पुष्कळ वापरलं, बहुतेकांना नाव माहीत नसताना. मनोगत, उपक्रम, मिसळपाव ही संकेतस्थळं ड्रुपलवर उभी राहिली. ज्या काळात मराठी म्हणजे वेगवेगळ्या फॉन्टचा गोंधळ होता, एकाच्या कम्प्युटरवरचं दुसऱ्याच्या कम्प्युटरवर चौकोन-चौकोन दिसायचं, त्या काळात या मंडळींनी युनिकोडमध्ये, थेट पानावरच देवनागरी टाइप करण्याची सोय करून दिली. फुकटात मिळालेला, उघडा कोड होता म्हणूनच ते जमलं. तीच सोय विग्नेटकडे मागायला गेलं असतं कोण?

दुसरीकडे मेलबर्नमधल्या मिरो नावाच्या कंपनीचं मॅम्बो होतं. ऑगस्ट २००५ मध्ये त्याच्या ट्रस्टवरून कंपनी आणि प्रोग्रामर यांच्यात वाजलं. प्रोग्रामर मंडळी कोड घेऊन बाहेर पडली आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी नवं नाव घेतलं, जुमला. स्वाहिलीतला शब्द, अर्थ "सगळे मिळून". मुळात अरबी. तोच शब्द फारसीतून आपल्याकडे येऊन जुन्या हिशेबाच्या कागदांत "जुमला" म्हणजे एकूण बेरीज म्हणून बसलाय. (हल्लीचा अर्थ वेगळा, त्यात मी पडत नाही :))

आणि तिसरं वर्डप्रेस. बी२ नावाचं एक सॉफ्टवेअर मिशेल वाल्द्रीघी या माणसाने लिहिलं होतं. त्याचं काम थांबलं. ते वापरणाऱ्या मॅट मलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी तोच कोड पुढे न्यायला घेतला आणि २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. मे २००४ मध्ये मूव्हेबल टाइप या तेव्हाच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरने लायसन्सचे नियम आणि दर बदलले, आणि चिडलेली बरीच मंडळी वर्डप्रेसकडे वळली. फेब्रुवारी २००५ च्या दीड आवृत्तीत थीम आणि "पेजेस" आली. तिथून ते डायरीपुरतं उरलं नाही, दुकानाची पाटी म्हणूनही चालायला लागलं.

थोडक्यात, २००६ मध्ये आमचा वेबवाला अडतीस सुटी पानं हाताने कोरत होता तेव्हा तिन्ही सिस्टिम फुकट उपलब्ध होत्या. त्याला माहीत नव्हत्या असं नाही म्हणणार मी. पण पानामागे पैसे घेणाऱ्याने डाय कशाला वापरावी?

टेफ्लॉनची एक ओळ

इथपर्यंत हे सगळं गमतीचं वाटत असेल. आता २०११ च्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगतो. मी चौदा वर्षांचा होतो, पण बाबा त्या रात्री जेवले नव्हते ते नीट आठवतंय.

आमच्या साइटवर एक तक्ता होता. डावीकडे गॅस्केटचं मटेरिअल, उजवीकडे किती तापमानापर्यंत चालेल ते. सगळ्यात वर "कॅफ", म्हणजे दाबलेल्या ॲस्बेस्टॉसचा पत्रा, त्याचं तापमान चारशेच्या घरात. खाली टेफ्लॉन, २६० अंश. त्याखाली रबर, सव्वाशेच्या आत. बाबांनी ॲस्बेस्टॉसचं काम बंद केलं आणि वेबवाल्याला फोन करून सांगितलं, कॅफची ओळ काढ. त्याने काढली. फक्त तो तक्ता खरा तक्ता नव्हताच. डावा रकाना म्हणजे एकच चौकोन, त्यात एकाखाली एक नावं. उजवा रकाना दुसरा चौकोन. त्याने डावीकडचं नाव काढलं, उजवीकडचा आकडा तसाच राहिला. सगळी नावं एक घर वर सरकली. टेफ्लॉनसमोर कॅफचं तापमान आलं. रबरासमोर टेफ्लॉनचं.

आणि टेफ्लॉन २६० च्या वर गेलं की नरम पडतं, बिघडतं, विषारी वाफा सोडतं. प्लांटमध्ये गरम रसायनाच्या लाइनवर ते बसवलं तर गळती नक्की.

एका मेंटेनन्सवाल्याने साइट बघून ऑर्डर दिली. बाबांची सवय अशी, की ऑर्डर कितीही छोटी असो, फोन करून विचारायचं, "कशावर लावणार? तापमान किती? प्रेशर किती?" त्या सवयीने वाचवलं. तो म्हणाला, "तीनशेच्या आसपास. तुमच्याच साइटवर चालेल म्हणून लिहिलंय की." बाबांनी विचारलं, "कुठे लिहिलंय?" आणि मग सायबर कॅफेत जाऊन स्वतः बघितलं.

पान दुरुस्त व्हायला चार दिवस लागले. चार दिवस ते चुकीचं पान तसंच जगाला दिसत होतं आणि बाबा काहीही करू शकत नव्हते. तेव्हापासून बाबांचा वेबसाइट या प्रकारावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

आज सॉफ्टवेअरवाला म्हणून बघतो तेव्हा चूक स्वच्छ दिसते. "टेफ्लॉन" आणि "२६०" या एकाच वस्तूच्या दोन बाजू. त्या एकाच नोंदीत राहायला हव्यात, वस्तू काढली तर आकडाही जायला हवा. सीएमएस निवडताना लोक थीम बघतात, स्लायडर बघतात. माझ्या लेखी पहिला प्रश्न हा, की आपली माहिती तिथे वस्तू म्हणून राहणार की नुसता मजकूर म्हणून?

एक ऑगस्ट

१ ऑगस्ट २०१४. ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा झाला. सगळीकडे फटाके. आणि आमच्या साइटच्या अडतीसच्या अडतीस पानांवर खाली पत्ता, "जि. ठाणे".

वेबवाल्याने पानामागे दर सांगितला. बाबा म्हणाले, "राहू दे, पिन कोड तोच आहे." पण मी बारावीत होतो आणि अंगात किडा होता. बऱ्याच विनवण्यांनी एफटीपीचा पासवर्ड मिळवला, सगळ्या फाइली उतरवल्या, आणि एका फटक्यात "ठाणे शोध, पालघर टाक". पाच मिनिटांत अडतीस पानं! स्वतःवर जाम खूष.

दोन दिवसांनी एका गिऱ्हाइकाचा फोन. ग्राहकांच्या यादीत त्यांचा कारखाना "पालघर-बेलापूर रोड"वर गेला होता :(

हसू येतं, पण टेफ्लॉनची चूक आणि माझी चूक एकच. पत्ता ही एकदाच, एकाच ठिकाणी ठेवायची गोष्ट. आता जिल्ह्याचीच अधिकृत साइट बघा. एनआयसीची एस-थ्री-वास नावाची यंत्रणा आहे, देशभरातल्या जिल्ह्यांच्या साइट एकाच साच्यातून निघतात. पालघरची उघडा नाहीतर दुसऱ्या राज्यातल्या जिल्ह्याची, मांडणी ओळखीची वाटते. कोणी म्हणेल, काय ते एकसारखं. पण साचा एकदा दुरुस्त केला की सगळीकडे दुरुस्त होतो, हे अडतीस पानं बदललेल्या माणसाला विचारा.

तिसरं बिऱ्हाड : जुमला (२०१४-१६)

माझ्या त्या पराक्रमानंतर बाबांनी ओळखीतल्या ओळखीत एकाला काम दिलं. त्याने दिवाळीनंतर जुमला टाकून दिलं. आवृत्ती अडीच. पहिल्यांदाच आमच्याकडे लॉगिन आलं, बाबा स्वतः फोटो चढवायला शिकले.

गोम अशी, की त्या अडीच आवृत्तीची मुदत ३१ डिसेंबर २०१४ ला संपत होती. म्हणजे दोन महिन्यांत संपणारं दूध त्याने आम्हाला विकलं. मुदत संपणं म्हणजे काय, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. साइट तर चालत होती!

डिसेंबर २०१५ मध्ये जुमलात एक मोठं भोक सापडलं. दीड आवृत्तीपासून तेव्हाच्या ताज्या आवृत्तीपर्यंत सगळ्यांत होतं, आणि दुरुस्ती येण्याआधीच हल्ले सुरू झाले होते. प्रकरण इतकं गंभीर, की जुमलावाल्यांनी मुदत संपलेल्या आवृत्त्यांसाठीही पॅच काढला. पण तो कोणीतरी लावायला हवा ना! ज्याने साइट केली त्याचा फोन लागत नव्हता.

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. जानेवारीत गुगलवर आमच्या कंपनीचं नाव टाकलं तर खाली कसल्या कसल्या गोळ्यांच्या जाहिराती. बाबा तेव्हा एका मोठ्या कारखान्याकडे व्हेंडर रजिस्ट्रेशनच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर होते. त्यांच्या आयटीने आमची साइट धोकादायक ठरवून अडवली, मेलही अडकले. रजिस्ट्रेशन दुसऱ्याला मिळालं. बाबा मला काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "बंद करून टाक."

यात जुमला वाईट असं मुळीच नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल सातमध्ये इतकं मोठं भोक निघालं, की त्यांच्याच सुरक्षा गटाने जाहीर केलं, ज्यांनी सात तासांच्या आत पॅच लावला नाही त्यांनी आपली साइट फुटली असंच समजावं. सात तास! त्यात आपल्याकडे रात्र होती. वर्डप्रेसने मात्र ऑक्टोबर २०१३ पासून किरकोळ आणि सुरक्षेचे अपडेट आपोआप बसवायला सुरुवात केली होती. आठ माणसांच्या गाळ्यासाठी, जिथे आयटीवाला कोणीच नाही, ही एक गोष्ट बाकी शंभर फीचर्सपेक्षा मोठी.

चौथं बिऱ्हाड : फुकटचा बंगला (२०१७-२४)

मग काय, २०१७ मध्ये गुगलने व्यवसायाच्या नोंदीसोबत फुकट साइट द्यायला सुरुवात केली. फोनवरून दहा मिनिटांत साइट तयार. मीच बाबांना करून दिली. अपडेट नाही, हॅकिंग नाही, पैसे नाहीत. सात वर्षं चालली.

मार्च २०२४ मध्ये गुगलने ही सेवा बंद केली. पत्ता काही दिवस दुसरीकडे वळवून ठेवला, मग तोही गेला. व्हिजिटिंग कार्डं पुन्हा रद्दी. २००१ ची धर्मशाळा आणि २०१७ चा बंगला, फरक काय तर रंगाचा. मधल्या सोळा वर्षांत मी इंजिनिअरिंगला गेलो तरी शिकलो काय, कुणास ठाऊक.

तारापूरचं इंधन

आता जरा विषयांतर करतो, पण ते आमच्या दारातलंच आहे.

बाहेरच्यांना तारापूर म्हटलं की एमआयडीसी नाही, अणुकेंद्र आठवतं. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, १९६९ पासून वीज देऊ लागल्या. त्यांना समृद्ध युरेनियम लागतं. ते अमेरिका देणार असा १९६३ चा करार होता, तीस वर्षांचा. पण १९७४ ला पोखरण झालं, १९७८ ला अमेरिकेने स्वतःचा कायदा बदलला आणि इंधनाचा पुरवठा अडला. भट्ट्या ठणठणीत, पण इंधन दुसऱ्याच्या मर्जीवर. मग १९८२ मध्ये फ्रान्सने दिलं, पुढे चीनने, पुढे रशियाने. शेजारी २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या तीन आणि चार नंबरच्या भट्ट्या मात्र आपल्याच डिझाइनच्या, ५४० मेगावॅटच्या, साध्या नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या.

कुठे अणुभट्टी आणि कुठे गॅस्केटवाल्याची वेबसाइट, कबूल. पण धडा तोच आहे. वस्तू घेताना तिची किंमत बघतो, ताकद बघतो. ती रोज कशावर चालते आणि ते देणारा उद्या नाही म्हणाला तर काय, हे बघत नाही.

या नजरेने सीएमएसचा इतिहास बघितला की एक मजेशीर गोष्ट दिसते. वर्डप्रेस जन्मलं ते बी२ सोडून दिलं गेलं म्हणून. जुमला जन्मलं ते मॅम्बोत भांडण झालं म्हणून. मालक गेला, मालक भांडला, तरी लोकांच्या साइट बुडाल्या नाहीत, कारण कोड जीपीएल लायसन्सखाली होता, कोणीही उचलून पुढे नेऊ शकत होतं. जिओसिटीज आणि गुगलच्या त्या सेवेत अशी पळवाटच नव्हती. तिथे मालकाने दिवा मालवला की अंधार.

पाचवं बिऱ्हाड

तर निवड. खरं सांगायचं तर माझ्या मनात चौथाच पर्याय होता. सीएमएस नकोच! मजकूर साध्या फाइलींत, त्यातून स्क्रिप्टने स्थिर पानं बनवायची, सर्व्हरवर डेटाबेस नाही म्हणजे फोडण्यासारखं फारसं काही नाही. वेगवान, सुंदर. दोन वीकेंडमध्ये केलंही. टेफ्लॉन आणि २६० एकाच नोंदीत, पत्ता एकाच ठिकाणी. अगदी अभिमानाने गाळ्यात घेऊन गेलो.

आमच्या ऑफिसात एक ताई आहेत. बिलं, जीएसटी, कुरिअर, फोन सगळं त्याच बघतात. त्यांना दाखवलं, "ताई, एक आकडा बदलायचा असेल तर ही फाइल उघडायची, बदलायचं, मग इथे ही कमांड..." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तू नसलास तर?"

मी गप्प. कारण पुढच्या वर्षी कदाचित मी बंगळुरूला असेन, ते बाबांना अजून नीट सांगितलेलंही नाही. अडतीस पानंवाल्याला, फोन न उचलणाऱ्याला इतकी वर्षं नावं ठेवली आणि मी करत काय होतो? मीच पुढचा वेबवाला व्हायला निघालो होतो, फक्त पोटचा!

मग बसून नव्याने विचार केला. ड्रुपल माझ्या मनाला सगळ्यात जवळचं. "वस्तू म्हणून माहिती" ही गोष्ट त्यांच्याइतकी नेटकी कोणी केली नाही. पण २०१५ मध्ये आठवी आवृत्ती जवळपास नव्याने लिहिली गेली, छोट्या साइटवाल्यांना सातवरून उडी झेपली नाही, आणि ५ जानेवारी २०२५ ला सातची मुदतही संपली. ज्यांच्याकडे कायमची टीम आहे त्यांनी जरूर घ्यावं. जुमला घ्यायला हरकत नव्हती, पण बाबांसमोर ते नाव घ्यायची माझी छाती नाही. भाड्याच्या तयार सेवा सोप्या असतात, पण पुन्हा इंधन दुसऱ्याचं.

राहिलं वर्डप्रेस. जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साइट त्यावर आहेत, म्हणजे पालघरमध्ये पाच आणि बोईसरमध्ये चार माणसं ते दुरुस्त करणारी सापडतील. सुंदर कारण नाही हे, पण व्यवहारी आहे. २०१० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यातही स्वतःच्या प्रकारच्या नोंदी करता येतात, गॅस्केट म्हणजे एक नोंद, तिला तापमान, प्रेशर, मटेरिअल असे रकाने. भाबडेपणाने म्हणत नाहीये. सप्टेंबर २०२४ पासून मलनवेग आणि एक मोठी होस्टिंग कंपनी यांच्यात जे जुंपलं, त्यात ऑक्टोबरमध्ये लाखो साइटवरचं रकाने बनवायचंच एक प्लगइन वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात एका रात्रीत ताब्यात घेतलं गेलं. म्हणजे उघड्या कोडलाही नळाची चावी असतेच. म्हणून मी रकाने प्लगइनने नाही, थोड्याशा स्वतःच्या कोडने केले, दोन पानी, वर मराठीत टिपणं लिहून.

आणि इतिहासातून शिकलेले चार नियम केले. डोमेन बाबांच्या नावावर, बाबांच्या मेलवर. दर रविवारी बॅकअप, आपोआप, सर्व्हरच्या बाहेर. गॅस्केटची सगळी यादी महिन्यातून एकदा साध्या एक्सेलमध्ये उतरवून ठेवायची, म्हणजे सहावं बिऱ्हाड करायची वेळ आली (येणारच!) तर सामान बांधलेलं असेल. आणि सगळे पासवर्ड, मुदतीच्या तारखा, काय कुठे आहे, हे एका कागदावर, "इंटरनेट" फाइलमध्ये पहिल्या पानावर.

गेल्या शनिवारी साइट सुरू झाली. फिरणारी गॅस्केट नाही, त्याबद्दल क्षमस्व :) ताईंनी पहिली नोंद स्वतः भरली, टेफ्लॉनची. तापमानाच्या रकान्यात चुकून २६०० टाकलं, तर साइटने घेतलंच नाही. त्या म्हणाल्या, "हे बरंय, हे ओरडतं तरी."

बाबा मागे उभे होते. चष्मा वर करून त्यांनी ती ओळ वाचली. टेफ्लॉन, २६०. मग तळाशी पत्ता वाचला, जि. पालघर. आणि खुर्ची ओढून म्हणाले, "ताई, उठा जरा. रबराचं मी भरतो."

असो. बंगळुरूचं त्यांना या रविवारी सांगेन म्हणतो.